काउंटर-स्ट्राइक २ मधील स्काउटची ताकद कशी जोखावी

काउंटर-स्ट्राइक २ या दोन संघांच्या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममधील एसएसजी ०८ या स्नायपर रायफलीला खेळाडू आजही स्काउट याच जुन्या नावाने ओळखतात आणि एडब्ल्यूपी या अधिक महागड्या व मारक स्नायपर रायफलीला पैसे पुरत नाहीत तेव्हाची तडजोड म्हणून तिच्याकडे पाहतात. माझ्या मते हे मोजमापच चुकीचे आहे. केवळ मारक शक्ती पाहिली तर स्काउट एडब्ल्यूपीपुढे नेहमीच उणी ठरेल. तिची पारख करायची असेल तर ती कोणत्या राउंडमध्ये, किती अंतरावर आणि कोणत्या कामासाठी हाती घेतली आहे, हे आधी ठरवावे लागते.

सुरुवात डॅमेजपासून, म्हणजे एका गोळीने खेळाडूच्या १०० गुणांच्या आयुष्यातून किती कमी होते यापासून करावी. स्काउटचा मूळ डॅमेज ८८ असून आर्मर (चिलखत) असतानाही त्यातील ८५ टक्के लागू होतो. डोक्याला गोळी लागली की हेल्मेट असो वा नसो, प्रतिस्पर्धी बाद होतो. आर्मर घातलेल्या खेळाडूच्या छातीवर जवळून साधारण ७४ आणि पोटावर ९३ डॅमेज होतो, म्हणजे एका गोळीत काम होत नाही. अंतर वाढत जाईल तसे हे आकडे आणखी थोडे उतरतात. आर्मर नसलेल्यांबाबत मात्र एक बारकावा फार उपयोगी आहे. छातीवरची गोळी ८८ वरच थांबते, पण पोटावरची ११० पर्यंत जाते. त्यामुळे समोरचा संघ इको राउंड (पैसे वाचवण्यासाठी फारशी खरेदी न करता खेळलेला राउंड) खेळत असेल आणि डोक्याचा नेम खात्रीचा नसेल, तर छातीऐवजी पोटावर नेम धरणे शहाणपणाचे ठरते.

मग खेळातल्या पैशांचा हिशेब. स्काउटची किंमत १७०० डॉलर, तर एडब्ल्यूपीची ४७५०. हाती अडीच हजार असतील तर २७०० ची एके-४७ रायफल परवडत नाही, पण स्काउट आणि ६५० चे केव्हलर (हेल्मेटविना आर्मर) मिळून २३५० मध्ये बसते. शिवाय स्काउटने एक प्रतिस्पर्धी टिपला की ३०० डॉलर मिळतात, एडब्ल्यूपीने केवळ १००.

तिची खरी ताकद मात्र चपळाईत आहे, आणि किंमत पाहून ती कळत नाही. स्कोप लावलेला असतानाही स्काउटधारी खेळाच्या मापात २३० च्या वेगाने हालतो. एडब्ल्यूपीचा वेग स्कोपमध्ये १०० वर येतो. मिराज नकाशावर टॉप मिडकडून (मधल्या मोकळ्या पट्ट्याच्या एका टोकाकडून) विंडो या समोरच्या खिडकीतल्या प्रतिस्पर्ध्याशी लढताना हा फरक स्पष्ट जाणवतो: कोपऱ्याबाहेर पाऊल टाकावे, क्षणभर थांबून गोळी झाडावी आणि समोरून उत्तर येण्याआधी आडोशाला परतावे. गोळी छातीला लागली असेल तर लगेच सहकाऱ्यांना सांगावे, कारण त्या खेळाडूला संपवायला आता त्यांच्या रायफलीच्या एक-दोन गोळ्या पुरतात. गुणफलकावर तो बळी दुसऱ्याच्या नावावर जाईल, पण काम स्काउटचेच असेल. म्हणून स्वतःचे डेमो (सामन्यांची मुद्रणे) तपासताना नुसते बळी मोजू नयेत. पहिली गोळी लागल्यावर तो प्रतिस्पर्धी किती वेळ टिकला आणि त्याला जागा सोडावी लागली का, हे पाहावे.

उणिवाही तितक्याच काटेकोरपणे पाहाव्यात. दोन गोळ्यांमध्ये सुमारे सव्वा सेकंद जातो, त्यामुळे तिघे एकदम साइटवर (बॉम्ब लावण्याच्या जागेवर) धावून आले तर ही रायफल कुचकामी ठरते. अशा जागी तिच्या भरवशावर एकट्याने उभे राहू नये. स्कोपशिवाय नेमही बेभरवशाचा असतो. उभ्या उडीच्या सर्वोच्च बिंदूवर तिचा नेम इतर रायफलींपेक्षा पुष्कळ स्थिर राहतो, पण ती सोय अडथळ्यापलीकडे डोकावण्यासाठी आहे, सवय म्हणून वापरण्यासाठी नव्हे.

हे सारे सरावाच्या सर्व्हरवर बॉट (संगणक चालवतो ते खेळाडू) उभे करून, आर्मरसह आणि आर्मरशिवाय, वेगवेगळ्या अंतरांवरून पडताळून पाहावे, आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर पुन्हा पाहावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एडब्ल्यूपीच्या मॅगझिनमधील गोळ्या १० वरून ५ वर आल्या. स्काउटच्या १० तशाच राहिल्या, आणि स्काउटमध्ये काहीही न बदलता या दोन रायफलींमधले अंतर थोडे कमी झाले.