निरीक्षण प्रणालीला डिस्क किती लागेल : मागणीपत्र पाठवण्याआधीची तयारी

सर्व्हर आणि सॉफ्टवेअर यांच्या कामगिरीवर लक्ष ठेवणारी प्रणाली उभारताना डिस्कच्या जागेचा आकडा बहुधा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईने ठरतो. प्रोसेसर किती, मेमरी किती यावर बैठका होतात आणि डिस्कच्या रकान्यात कोणीतरी गोल आकडा भरून मोकळा होतो. वास्तविक या प्रणालीचे मुख्य काम म्हणजे रात्रंदिवस लिहीत राहणे, त्यामुळे तिची डिस्क भरणार की नाही हा प्रश्नच नसतो. कधी भरणार एवढेच आपल्या हातात असते. हा अंदाज चुकतो तो गुणाकारात क्वचितच. गुणाकारात घातलेल्या मोजमापांच्या संख्येत तो नेहमी चुकतो. म्हणून तयारीतली बहुतेक मेहनत ती संख्या पक्की करण्यावर घ्यावी.

पहिल्यांदा साठवायचे काय, हे वेगवेगळे लिहून काढावे. आकड्यांच्या रूपातली मोजमापे, इशारे व घटना, लॉगच्या ओळी आणि एकेका विनंतीचा प्रवास दाखवणारे ट्रेस या चारही गोष्टी एकाच पडद्यावर दिसत असल्या, तरी त्यांची जागा खाण्याची रीत निराळी आहे. मोजमापे वेळापत्रकाप्रमाणे येतात, म्हणजे वापरकर्ते दहा असोत वा दहा हजार, प्रोसेसरच्या वापराची नोंद मिनिटाला एकच होते. लॉग आणि ट्रेस मात्र वर्दळीबरोबर वाढतात. चौघांचा मिळून एकच आकडा मागितला, तर पुढे वाढ कशामुळे झाली हे कोणालाच सांगता येत नाही. प्रणालीची स्वतःची मांडणी, पडदे, वापरकर्त्यांची खाती यांच्यावर वेळ घालवू नये. झॅबिक्स या निरीक्षण प्रणालीचे अधिकृत दस्तऐवज या सगळ्यासाठी साधारण १० एमबी धरतात.

यानंतर मोजमापांच्या मालिका मोजाव्यात. एकाच यंत्रावरच्या एकाच गोष्टीची वेळोवेळी घेतलेली मोजमापे म्हणजे एक मालिका. समजा २०० सर्व्हर आहेत आणि प्रत्येकावर सरासरी १५० गोष्टी मोजायच्या आहेत, तर ३०,००० मालिका झाल्या. दर ६० सेकंदांनी मोजले तर सेकंदाला ५०० नोंदी आणि दिवसाला ४ कोटी ३२ लाख. या नोंदी ९० दिवस जपायच्या ठरवल्या, तर सुमारे ३८९ कोटी नोंदी एका वेळी डिस्कवर असतील. इथपर्यंतचे गणित कोणत्याही उत्पादनाला सारखेच लागू पडते, आणि ते उत्पादनाची निवड होण्यापूर्वीच करून ठेवता येते. सर्व्हरची यादी घेताना चाचणीची यंत्रे, राखीव यंत्रे, नेटवर्कचे स्विच यांचा विसर पडू देऊ नये. विशेषतः स्विचवरच्या प्रत्येक पोर्टची आवक, जावक, चुका आणि टाकून दिलेली पॅकेट्स अशा चारपाच मालिका होतात, त्यामुळे ४८ पोर्टांचा एक साधा स्विच दोनशेच्या घरात मालिका सहज घालतो आणि सर्व्हरलाही मागे टाकतो.

मग एका नोंदीला किती बाइट लागतात, ते निवडलेल्या उत्पादनाच्या दस्तऐवजातून घ्यावे, कारण इथे फरक थोडाथोडका नाही. झॅबिक्स नेहमीच्या रिलेशनल, म्हणजे तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या, डेटाबेसमध्ये लिहितो आणि त्याचे दस्तऐवज एका अंकी नोंदीसाठी साधारण ९० बाइट धरायला सांगतात; त्या हिशेबाने वरच्या उदाहरणाला सुमारे ३५० जीबी लागतील. ग्रॅफाइट या दुसऱ्या निरीक्षण प्रणालीच्या व्हिस्पर फाइलमध्ये एका नोंदीला १२ बाइट लागतात, म्हणजे तेच काम सुमारे ४७ जीबीत होईल. प्रोमिथियस या तिसऱ्या प्रणालीचे दस्तऐवज सरासरी १ ते २ बाइट सांगतात, म्हणजे २ धरले तरी ८ जीबी पुरतील. एवढी बचत कशी होते, ते फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये गोरिला या प्रणालीवर प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात नीट मांडले आहे: ८ बाइटांची वेळ आणि ८ बाइटांचे मूल्य अशी १६ बाइटांची जोडी त्यांनी सरासरी १.३७ बाइटांवर आणली. नोंदी ठरावीक अंतराने येत असतील तर वेळेतला फरक जवळजवळ बदलत नाही आणि मूल्येही आधीच्या मूल्याजवळच घुटमळतात, म्हणून केवळ बदल तेवढा लिहिला जातो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की अनियमित वेळी येणाऱ्या किंवा प्रत्येक वेळी उलटसुलट बदलणाऱ्या दशांशी मूल्यांसाठी कागदावरच्या सरासरीवर विसंबू नये.

व्हिस्पर आणि आरआरडीटूल या साठवणुकीच्या साधनांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी. त्यांच्या फाइलचा आकार फाइल तयार होतानाच ठरतो आणि पुढे वाढत नाही, त्यामुळे हा अंदाज फार सोपा आहे असा समज होतो. यंत्रे कायमची असतील तर तो खराही आहे. परंतु दर मिनिटाची नोंद ९० दिवस ठेवणारी व्हिस्पर फाइल सुमारे दीड एमबीची होते, आणि साधारण मांडणीत ती जागा पहिल्याच नोंदीला अडवली जाते. तासभर जगून नाहीसा होणारा कंटेनरही (सॉफ्टवेअर चालवण्यासाठी गरजेपुरते उभे केलेले वेगळे वातावरण) प्रत्येक मालिकेमागे दीड एमबी मागे ठेवून जातो. जिथे कंटेनर सतत जन्मतात आणि मरतात, तिथे एका क्षणी चालू असलेल्या मालिका न मोजता जपणुकीच्या संपूर्ण काळात जन्मलेल्या सगळ्या मालिका मोजाव्यात.

मालिकांच्या संख्येचा खरा घोटाळा लेबलांमुळे, म्हणजे मोजमापाला वर्गवारीसाठी लावलेल्या खुणांमुळे होतो (त्यांच्या प्रत्येक वेगळ्या जुळणीची वेगळी मालिका बनते), म्हणून या कलमाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्या वेब सेवेच्या प्रतिसादाचा वेळ मोजायचा आहे असे धरू. प्रोमिथियसच्या गो भाषेतल्या लायब्ररीमध्ये हिस्टोग्रामला, म्हणजे मूल्ये कप्प्यांत वाटून मोजणाऱ्या मोजमापाला, मुळात ११ कप्पे असतात. त्यात अमर्याद कप्पा, बेरीज आणि एकूण संख्या मिळवली की एका हिस्टोग्रामच्या १४ मालिका होतात. सेवेचे ४० पत्ते, विनंतीचे ३ प्रकार आणि उत्तराचे ५ संकेतांक अशी लेबले लावली, तर ४० गुणिले ३ गुणिले ५ गुणिले १४, म्हणजे ८,४०० मालिका एका सेवेच्या एका प्रतीमागे तयार होऊ शकतात. अशा १० प्रती चालत असतील तर ८४,०००. म्हणजे एका विकासकाने एका दुपारी घातलेले एकच मोजमाप २०० सर्व्हरांच्या सगळ्या मोजमापांना जवळजवळ तिपटीने मागे टाकते. सगळी जुळणी प्रत्यक्षात येईलच असे नाही, तरी मागणीपत्रात कमाल आकडाच धरावा. ग्राहक क्रमांक, सत्र क्रमांक, ईमेल पत्ता किंवा क्वेरीसकटचा पूर्ण यूआरएल अशी ज्यांना वरची मर्यादाच नाही ती मूल्ये लेबलात येणार नाहीत, असे विकासकांकडून लेखी घ्यावे. तोंडी होकारावर डिस्क मागू नये.

अंतर आणि जपणुकीचा काळ ही दोन कलमे सेवा वापरणाऱ्या विभागाशी बोलून ठरवावीत, आणि सगळ्यांना एकच माप लावू नये. प्रतिसादाचा वेळ १५ सेकंदांनी पाहण्यात अर्थ आहे, पण डिस्क किती भरली हे ५ मिनिटांनी कळले तरी सहसा बिघडत नाही, आणि सर्व्हरचा अनुक्रमांक दिवसातून एकदा पाहिला तरी पुष्कळ झाले. ६० सेकंदांवरून सरसकट १५ सेकंदांवर येणे म्हणजे वरचे ३५० जीबी १,४०० जीबी करून घेणे होय. जपणुकीच्या बाबतीत प्रत्येक जण "वर्षभर तरी हवे" म्हणतो. त्या वेळी वर्षभराची मिनिटामिनिटाची नोंद हवी आहे की तासाची सरासरी पुरेल, हे विचारून घ्यावे. झॅबिक्स ताशी सारांश वेगळा ठेवतो आणि ३०,००० मालिकांचा असा सारांश वर्षाला सुमारे २४ जीबीत बसतो, म्हणून मूळ नोंदी कमी दिवस आणि सारांश अनेक वर्षे ही विभागणी तिथे फार फायद्याची ठरते. हेच तत्त्व सगळीकडे गृहीत मात्र धरू नये. प्रोमिथियसच्या जोडीला चालणाऱ्या थॅनोसमध्ये ५ मिनिटांचे आणि १ तासाचे सारांश मूळ नोंदींच्या जोडीला ठेवले जातात. मूळ नोंदींचा काळ वेगळा कमी केला नाही, तर सारांशामुळे जागा वाढते, वाचत नाही.

ट्रेस साठवायचे असतील तर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या, एका विनंतीमागे होणारे टप्पे, एका टप्प्याचा सरासरी आकार आणि किती टक्के विनंत्या नमुन्यादाखल ठेवायच्या, हे चार आकडे मिळवावेत. ३०० विनंत्या, २० टप्पे आणि ५०० बाइट धरले, तर सगळे ठेवल्यास दिवसाला सुमारे २५९ जीबी होतात आणि १ टक्का ठेवल्यास २.६ जीबी. टक्केवारीचा निर्णय झाल्याशिवाय पुढे जाण्यात काहीच हशील नाही.

आता काढून टाकलेल्या डेटाची जागा परत केव्हा मिळते, ते पाहावे. रिलेशनल डेटाबेसमध्ये जुन्या ओळी डिलीट केल्या, तरी इनोडीबीची, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसच्या साठवणयंत्रणेची, फाइल लहान होत नाही. मोकळी झालेली जागा त्याच तक्त्यात पुढे वापरली जाते, पण ऑपरेटिंग सिस्टमला ती परत मिळत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही साध्या व्हॅक्यूमने, म्हणजे सफाईच्या आज्ञेने, तेच होते, आणि व्हॅक्यूम फुल चालवायचे तर तक्त्याची नवी प्रत लिहिण्याइतकी जागा आधी मोकळी असावी लागते. म्हणजे डिस्क भरल्यावर करायचा म्हणून ठेवलेला उपाय नेमका डिस्क भरल्यावर करता येत नाही. यासाठी मोठ्या तक्त्यांचे दिवसाप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे विभाग पाडून जुना विभाग अख्खा काढण्याची व्यवस्था सुरुवातीलाच ठेवावी, अन्यथा सर्वांत मोठ्या तक्त्याएवढी जागा हिशेबात वेगळी मिळवावी. प्रोमिथियसमध्ये नोंदी दोन तासांच्या ठोकळ्यांत लिहिल्या जाऊन नंतर मोठ्या ठोकळ्यांत एकत्र होतात. मोठा ठोकळा जपणुकीच्या काळाच्या १० टक्के किंवा ३१ दिवस, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यापर्यंतचा असू शकतो. ठोकळा संपूर्ण जुना झाल्याखेरीज काढला जात नाही आणि एकत्रीकरण चालू असताना जुने व नवे दोन्ही डिस्कवर असतात. ९० दिवसांच्या जपणुकीत म्हणूनच २० टक्के वरकड धरणे सुरक्षित, आणि ताज्या नोंदींच्या पूर्वनोंदवहीची, म्हणजे वॉलची, जागा त्यावर आणखी.

प्रतींचा हिशेब थोडक्यात करता येतो, पण तो राहून जातो. एक प्रत राखीव ठेवली की सगळे दुप्पट होते. बॅकअप त्याच डिस्कवर तात्पुरता तयार होत असेल तर तीही जागा लागते. आणि नवी आवृत्ती चढवताना तक्त्यांची रचना बदलत असेल, तर काही तासांसाठी दुहेरी जागा मागितली जाते. लॉग इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेत जाणार असतील तर डिस्क शंभर टक्के भरता येईल असे समजू नये, कारण मूळ मांडणीत ८५ टक्क्यांवर त्या नोडला, म्हणजे समूहातल्या त्या यंत्राला, डेटाचे नवे तुकडे देणे थांबते, ९० टक्क्यांवर आहेत ते हलवले जाऊ लागतात आणि ९५ टक्क्यांवर लेखन बंद होते.

हाती येणारी डिस्क कागदावरच्या आकड्यापेक्षा लहान असते, याचीही नोंद घ्यावी. विक्रेत्याचा १ टीबी म्हणजे दहाचा बारावा घात, आणि ऑपरेटिंग सिस्टम दोनच्या घातांनी मोजत असेल तर तीच डिस्क ९३१ जीबीची दिसते. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल प्रणाली मुळात ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, जी डेटाबेसच्या खात्याला मिळत नाही. केवळ डेटासाठी असलेल्या विभागावर हे प्रमाण कमी करता येते, पण ते आधी ठरवावे. लाखो लहान फाइली करणारे उत्पादन असेल तर आयनोडही, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या मर्यादित संख्येतल्या नोंदीही, मोजावेत, कारण जागा शिल्लक असून फाइल तयार होत नाही हा प्रकार तेव्हाच घडतो. डेटा नेहमी स्वतंत्र विभागावर ठेवावा, ऑपरेटिंग सिस्टमच्या विभागावर नव्हे.

इतके झाल्यावर खऱ्या यंत्रांपैकी दहावा हिस्सा जोडून आठवडाभर प्रणाली चालवावी आणि दररोज ठरावीक वेळी चालू मालिकांची संख्या, सेकंदाला येणाऱ्या नोंदी आणि डेटाच्या फोल्डरचा आकार लिहून ठेवावा. पहिल्या दिवसाची वाढ हिशेबात घेऊ नये, कारण निर्देशांक आणि पूर्वनोंदवही तेव्हा नव्याने भरत असतात. निवडलेला दहावा हिस्सा सोयीचा नसावा. सर्वांत जास्त लेबले असलेली सेवा त्यात आलीच पाहिजे. कागदी अंदाज आणि मोजलेली वाढ यांत दुपटीहून अधिक अंतर दिसले, तर बाइटांची सरासरी बदलत बसण्यापेक्षा मालिका पुन्हा मोजाव्यात, कारण चूक बहुधा तिथेच सापडते.

मागणीपत्रात अंतिम आकड्याशेजारी मालिकांची संख्या, अंतर, जपणुकीचे दिवस, नोंदीचे बाइट आणि वरकड टक्केवारी ही गृहीतके लिहावीत, म्हणजे सहा महिन्यांनी सर्व्हर वाढले तर कोणालाही नवा आकडा काढता येईल. उत्पादनात आकाराची मर्यादा घालण्याची सोय असेल तर ती वापरावी. प्रोमिथियससाठी ही मर्यादा दिलेल्या जागेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंतच ठेवावी. डिस्क किती भरली यापेक्षा आताच्या वेगाने ती केव्हा भरेल यावर इशारा लावावा, आणि तो इशारा पाठवणारी यंत्रणा त्याच डिस्कवर अवलंबून नसावी. शेवटी, जागा खरोखरच कमी पडली तर आधी ट्रेस सोडायचे, मग चाचणीच्या यंत्रांच्या नोंदी, मग लॉग, की आणखी कोणत्या क्रमाने जायचे, आणि तो निर्णय रात्री दोन वाजता कोणाला घेता येईल, हे संबंधित विभागप्रमुखांची सही घेऊन मागणीपत्राला जोडावे.