टेलि कन्व्हर्टर लावल्यावर फोटोचे कोपरे काळे: माझा अनुभव

माझ्या फिक्स्ड लेन्सच्या (म्हणजे लेन्स बदलता न येणाऱ्या) झूम कॅमेऱ्यावर २x टेलि कन्व्हर्टर, म्हणजे लांबचं दुप्पट मोठं दाखवणारी लेन्सपुढे बसवायची जोडलेन्स, लावला की फोटोचे चारही कोपरे काळे यायचे. काच पुसून झाली, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) लहान करून पाहिलं. उलट काळी कड आणखी ठळक झाली. अक्षरशः वैताग आला.

जमलं ते असं. आधी यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावलेली संरक्षक काच) काढा, म्हणजे लेन्स आणि कन्व्हर्टरमधलं अंतर कमी होतं. कन्व्हर्टर थेट लेन्सच्या आट्यांवर बसवा. कॅमेरा सुरू करून झूम शेवटपर्यंत न्या. काळी कड हळूहळू फ्रेमबाहेर जाते. झूम मागे घेतलात की ती परत येते. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर कन्व्हर्टरची सावली पडते.

तरीही फोटो धूसर? २x कन्व्हर्टरने किमान फोकस अंतर (ज्याच्यापेक्षा जवळची वस्तू स्पष्ट येत नाही ते) साधारण चौपट होतं: १ मीटरचे ४ मीटर. तेवढं मागे सरका.