छोट्या सभागृहात लोकसंगीत? या चुका टाळा

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दीडशे खुर्च्यांचं सभागृह आहे. तिथे आम्ही गोंधळ, भारूड, पोवाडा असे कार्यक्रम करतो. खाली लिहिलेल्या बहुतेक फजित्या माझ्याच हातून झाल्या आहेत.

सगळ्यात महागात पडली ती लग्नाच्या ऑर्केस्ट्राची साउंड सिस्टीम. संबळ आणि हलगी ही अंगणात, पटांगणात लांबवर ऐकू जावीत अशी वाद्यं. टाइल्सच्या फरशीवर आणि उघड्या भिंतींत त्यांना माईक लावला, की गोंधळ्याचा शब्दच ऐकू येत नाही. मग मागच्या रांगेतून फर्मान येतं, "गायकाचा आवाज वाढवा." वाढवला की माईक शिट्टी मारतो. खरं तर तेव्हा संबळाचा माईक काढायचा असतो. आता आम्ही माईक फक्त गळ्यांना आणि तुणतुण्याला देतो, भिंतींना जाड पडदे सोडतो आणि मंचावर जाजम अंथरतो. निम्मी शिट्टी तिथेच गेली.

तरीही माईक ओरडत असेल तर आधी गायकाचा हात बघा. जाळीवर मूठ आवळून धरला की माईक चहूबाजूंचा आवाज ओढायला लागतो. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, गायकाच्या समोर, माईकच्या बरोबर पाठीमागे ठेवा. साधा गायनाचा माईक त्या बाजूने जवळजवळ बहिरा असतो. माईकचं ओठांपासूनचं अंतर निम्मं केलं तर साधारण 6 डेसिबल फुकट मिळतात, फेडरला (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या खटक्याला) हात न लावता. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर विजेच्या एकाच बोर्डावर घेऊन पाहा. आणि एको बंद! एकनाथांच्या भारुडाची गंमत शब्दाच्या दुहेरी अर्थात असते. तो शब्दच तीनदा घुमला तर लोक हसणार कशाला?

कातड्याचं दुखणं वेगळं. एका ऑगस्टमध्ये हलगीवाल्या मामांनी आल्या आल्या विचारलं, "कागद-काडेपेटी हाय का?" जिन्यात जाळ पेटला आणि वॉचमन धावत वर आला. दमट हवेत पान, म्हणजे हलगीवरचं कातडं, सैल पडतं, ते शेकावंच लागतं. आता मागच्या खोलीत विजेची शेगडी ठेवतो. मामा तिच्यावर हलगी वीतभर उंच धरतात, भाकरीसारखी फिरवत राहतात, मधूनच बोटाने टिचकी मारतात. 'थप'चा 'टण' झाला की उठले. फायबरच्या पानाला ही कटकट नसते, पण नाद तो नव्हे. गोंधळ्यांच्या दिवटीचंही तसंच. ती तेलावर खरोखर पेटते, म्हणून सभागृहाच्या व्यवस्थापकांशी आधी बोला. ऐनवेळी "दिवटी नको" म्हणणं म्हणजे पूजेला बोलावून समई विझवणं.

गोव्याच्या पथकाच्या वेळी मी घुमटाच्या, म्हणजे एका तोंडाला कातडं लावलेल्या मातीच्या मडक्यासारख्या वाद्याच्या, उघड्या तोंडाशी माईक खुपसला होता. वादक तेच तोंड तळव्याने झाकत-उघडत नाद बदलतो, त्यामुळे हात माईकवर आपटत राहिला. माईक कातड्याच्या बाजूला, जरा तिरका हवा. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असे. आता घोरपड कायद्याने संरक्षित आहे आणि बकऱ्याचं वापरतात. मुलाखतीत "ओरिजिनल आहे का?" असं विचारून कलाकाराला अडचणीत आणू नका. आमच्याकडे एकाने विचारलंच.

वेळेचं सांगायला नको. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचे 'दोन शब्द', आणि मग गोंधळ्याला "आवाहन जरा आटपा" अशी चिठ्ठी. देवांना नावं घेऊन बोलावल्याशिवाय आख्यान सुरू होत नसतं. सत्कार कापा. बंदिस्त सभागृहाला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री 10 नंतरच्या बंदीतून सूट आहे खरी, पण उकडतंय म्हणून खिडक्या उघडल्यात की आवाज शेजाऱ्यांच्या घरात. आम्ही साडेनऊला थांबतो.

तरी एकदा पावणेदहा झाले आणि पथकाची शेवटची एसटी गेली. सहा माणसं, दोन संबळ, आणि मानधनाचं पाकीट खजिनदारांच्या घरी! तेव्हापासून ठरवायच्या फोनवर मी पहिला प्रश्न गाडीच्या वेळेचा विचारतो आणि पाकीट मध्यंतरातच देतो.