उलट्या पावलांनी वाचू नका

भुताराक्षसांच्या उगमावर काम सुरू केलेत की पहिल्याच आठवड्यात एक खड्डा लागतो. आपल्या डोक्यात असते ते सिनेमातले भूत, आणि आपण त्याचेच जुने पुरावे हुडकू लागतो. ते सापडतातही, कारण हवे ते दिसतेच.

व्हँपायर घ्या. उन्हाने तो मरतो, हे आज लहान पोरही सांगेल. पण सूर्योदयाबरोबर विरून जाणारा व्हँपायर 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटातला. 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला व्हँपायर, काउंट ड्रॅक्युला, लंडनमध्ये दिवसाढवळ्या हिंडतो. फक्त त्याच्या शक्ती ओसरलेल्या असतात. आता आणखी मागे, 1732 मध्ये जा. सर्बियातल्या मेदवेजा गावात ऑस्ट्रियन लष्कराचा शल्यवैद्य फ्ल्युकिंगर याने थडगी उकरवून अहवाल लिहिला. त्यात न कुजलेली प्रेते आहेत, ताजे वाटणारे रक्त आहे, जुनी कातडी-नखे गळून खाली दिसलेली नवी कातडी आहे. सुळे नाहीत, आरशात न दिसणे नाही, उन्हाने मरणे नाही. आणि जे आहे त्याचा उलगडा प्रेताच्या कुजण्यातच होतो: पोटात वायू साठतो, रक्ताळ द्रव तोंडा-नाकाकडे ढकलला जातो, वरची त्वचा सुटते. व्हँपायर मारण्यासाठी काळजात खुंटा ठोकल्यावर प्रेत कण्हले, असेही त्या अहवालात एका प्रेताबद्दल आहे; दाबलेला वायू घशातून निघाला की असाच आवाज येतो. ऊन डोक्यात धरून हा अहवाल वाचणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते.

म्हणून भुतागणिक नोंदीचे कार्ड करू नका, लक्षणागणिक करा. रक्त, ऊन, सुळे, खुंटा: चार वेगळी कार्डे. प्रत्येकावर पहिल्या लेखी नोंदीचे वर्ष, ठिकाण, सांगणारा कोण, लिहिणारा कोण, आणि मूळ भाषेतला शब्द. मूळ शब्द गाळलात तर कार्ड फाडून टाका, इतके मी ठामपणे सांगेन. इंग्रज लेखक रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये वेताळकथा इंग्रजीत आणताना वेताळाला ‘व्हँपायर’ केले. प्रेतात शिरून कोडी घालणारा वेताळ तेव्हापासून रक्तपिपाशांच्या यादीत उगाच उभा आहे.

पाझुझू या मेसोपोटेमियातल्या दानवाचे तर पार उलटे झाले. आजच्या भयकथेत तो माणसाला झपाटतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात मेसोपोटेमियातल्या गर्भवती त्याच्या मुखवट्याचे ताईत बाळगत, ते बाळांवर टपलेल्या लामाश्तू या राक्षसिणीला पळवून लावण्यासाठी.

‘राक्षसांचे विश्वकोश’ छापाची पुस्तके आधार म्हणून वापरू नका. ती एकमेकांवरून उतरवलेली असतात. लोककथांचे अभ्यासक स्टिथ थॉम्प्सन यांची कथाघटक सूची वापरा; लोककथांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकांना तिच्यात क्रमांक दिलेले आहेत. तिच्यात ई विभाग मृतांचा, जी राक्षसांचा. व्हँपायर ई 251 वर. मात्र सूची कुठे शोधायचे ते दाखवते, उगम सांगत नाही. आणि ‘प्रत्येक राक्षस म्हणजे मनातली भीती’ एवढेच सांगणारा मार्गदर्शक मिळाला तर दुसरा शोधा. त्या वाक्याने एकही कार्ड भरत नाही.

घाबरून जाऊ नका, दहा भाषा यायला लागत नाहीत. एक प्रदेश, एक शतक, एक प्राणी एवढे सुरुवातीला भरपूर झाले. सरावासाठी ज्याचा जन्म ठाऊक आहे असा निवडा. स्लेंडरमॅन हा चेहरा नसलेला उंच भुताळ माणूस जून 2009 मध्ये इंटरनेटवर दोन बनावट छायाचित्रांतून आला, आणि पुढची भर इतरांनी घातली. त्याची कार्डे महिनावार लावून पाहा, कोणते लक्षण कधी चिकटले ते डोळ्यांसमोर उलगडेल. मग मेदवेजाकडे वळा.