परदेशातून कंद, रोपं, बियाणं मागवताय? या चुका टाळा

न्हावा शेवा बंदरात माल अडकला की पुण्याहून पहिला फोन सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटला जातो. पलीकडून विचारलं जातं, "आता काय करता येईल?" बहुतेक वेळा फारसं काही करता येत नाही, कारण चूक दीड-दोन महिन्यांपूर्वी, ऑर्डर देतानाच झालेली असते. तीच चूक तळेगावच्या पॉलिहाऊसवाल्यांकडून होते, जुन्नरच्या बागायतदारांकडून होते आणि चाकणच्या कारखान्यांकडूनही होते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आयातीचं परमिट हातात नसताना आगाऊ रक्कम भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे वनस्पतींच्या आयातीचे नियम २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात आहेत आणि तो आदेश १९१४ च्या कायद्याखाली निघालेला आहे. त्याच्या याद्या, म्हणजे शेड्यूल, नीट वाचायला अर्धा दिवस लागतो. तेवढाही वेळ न देणारे पुढे तीन आठवडे बंदराच्या चकरा मारतात.

चौथ्या शेड्यूलमध्ये बंदी असलेला माल आहे. पाचव्यातला माल ठरावीक संस्थांच्या शिफारशीनेच येतो. सहाव्यातल्या मालाला जादा घोषणा (माल अमुक कीड-रोगापासून मुक्त असल्याचं निर्यातदार देशाचं लेखी विधान) आणि खास अटी लागतात. सातव्यातला माल खाण्यासाठी किंवा प्रक्रियेसाठी असतो. यापैकी कशातच नाव नसेल तर आधी कीड-जोखमीचं विश्लेषण होतं आणि ते एका हंगामात उरकण्याची आशा धरू नका.

आता खरी गफलत कुठे होते ते पाहा. लोक यादीत फुलाचं नाव शोधतात, ते सापडलं की समाधानाने फाइल मिटतात. पण प्रत्येक नोंदीला रकाने असतात : वनस्पती, तिचा कोणता भाग (बी, कंद, काडी, मुळं फुटलेलं रोप की टिश्यू कल्चर), कोणता देश, कोणती घोषणा, कोणती अट. कंदाला परवानगी आहे म्हणजे रोपाला आहे असं होत नाही. नेदरलँड्सला आहे म्हणून केनियाला आहे असंही नाही. सगळे रकाने एकाच ओळीत जुळले पाहिजेत.

लिलियमच्या, म्हणजे लिलीच्या फुलाच्या कंदांचं उदाहरण घ्या, कारण ते वारंवार घडतं. शेतकरी हंगाम साधायचा म्हणून डच व्यापाऱ्याला पैसे पाठवतो. कंद ओलसर पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या भुशात), प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, उणे एक-दोन अंशांवर गोठवलेल्या अवस्थेत रीफर म्हणजे शीत कंटेनरने निघतात. परमिटमध्ये अमुक कीड आणि तमुक विषाणू यांचं नाव घेऊन घोषणा मागितलेली असते. फायटोवर, म्हणजे निर्यातदार देशाच्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावर मात्र "माल कीडमुक्त आहे" असं एक सर्वसाधारण वाक्य येतं. इथे माल थांबतो. मग निर्यातदाराला मेल जातो, की दुसरं सर्टिफिकेट काढून पाठव. पण काही घोषणा अशा असतात, की पीक शेतात उभं असताना तिथल्या तपासनिसाने ते पाहिलेलं असावं लागतं. कंद काढून, धुऊन, क्रेटमध्ये भरून झाल्यावर ती तपासणी कुठून आणणार? तिथला प्रामाणिक अधिकारी सहीच करत नाही आणि त्याचं बरोबर आहे. इकडे रीफरचं भाडं दररोज चढतं. तपासणीसाठी उघडझाक होते, कंद वितळतात. एकदा वितळलेले कंद पुन्हा गोठवून चालत नाही. ते इजा पावतात किंवा कोंब काढू लागतात. माल सुटला तरी निम्मी किंमत गेलेली असते.

यावर माझी पद्धत ठरलेली आहे. आधी परमिट. परमिटवरचं घोषणेचं वाक्य स्वल्पविरामासकट निर्यातदाराला पाठवायचं, आपल्या शब्दांत सांगायचं नाही. हे वाक्य तिथली यंत्रणा देईल का, याचं लेखी उत्तर त्याच्याकडून घ्यायचं. नेदरलँड्समध्ये कंदांची तपासणी बीकेडी ही संस्था करते आणि तिथले व्यापारी हे काम रोज करतात, त्यामुळे खरा व्यापारी दोन दिवसांत उत्तर देतो. टाळाटाळ करणाऱ्याला पैसे पाठवू नका. नंतर माल निघण्याआधी फायटोचा मसुदा मागवायचा आणि परमिटशेजारी ठेवून, पट्टीखाली एकेक ओळ धरून वाचायचा : शास्त्रीय नाव, मूळ देश, नग किंवा वजन, आयातदाराचं नाव, घोषणा, प्रक्रियेची मात्रा. मसुद्यातली चूक तिकडे लगेच सुधारते. जहाज सुटल्यावर तीच सुधारायला आठवडे जातात.

परमिट दुसऱ्याच्या नावावर वापरता येत नाही, शेजाऱ्याच्या नाही आणि मेव्हण्याच्या कंपनीच्याही नाही.

"फ्युमिगेशन करून घेऊ"

हे वाक्य ऐकलं की अंगावर काटा येतो. फ्युमिगेशन म्हणजे विषारी वायूची धुरी. त्यातला मिथाइल ब्रोमाइड वायू जिवंत किडे मारतो. विषाणू जात नाही, बुरशीच्या रोगावर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि जिवंत रोपाला किंवा कोंब आलेल्या कंदाला तोच वायू जाळतो. विषाणूची घोषणा राहिली असेल तर धुरीचा काडीमात्र उपयोग नाही. डाळी किंवा लाकूड यांच्यासाठी तो इलाज आहे, पण तिथेही निर्यातीच्या देशात करायची प्रक्रिया इथे केल्यावर तपासणी शुल्क पाचपट लागल्याची उदाहरणं आहेत.

मशीन मागवलं, पॅलेट विसरलो

चाकण-रांजणगावच्या खरेदी विभागांना वाटतं, की क्वारंटाइन म्हणजे शेतीवाल्यांची डोकेदुखी. मशीन लोखंडाचं असतं, पण ते लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, म्हणजे पॅलेटवर बसून येतं. लाकूड पोखरणारे भुंगेरे त्याच वाटेने खंड ओलांडतात. म्हणून आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे : लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे, किंवा मान्य केलेली दुसरी प्रक्रिया झाली पाहिजे. त्याचा पुरावा म्हणजे लाकडावरचा शिक्का. त्यात गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेचं लघुरूप असतं. उष्णतेसाठी एचटी, मिथाइल ब्रोमाइडसाठी एमबी. हाताने लिहिलेला शिक्का चालत नाही.

पॅलेटवर शिक्का असतो, पण मशीन हलू नये म्हणून कंटेनरच्या तळाशी ठोकलेल्या फळ्या आणि पाचरी कोऱ्या असतात. त्यांनाही तोच नियम लागू आहे. दुसरी फट दुरुस्त केलेल्या पॅलेटची. एक तृतीयांशापर्यंत लाकूड बदललं असेल तर प्रत्येक नव्या फळीवर स्वतंत्र शिक्का हवा. त्याहून जास्त बदललं असेल तर जुने शिक्के पुसून पूर्ण पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करावी लागते. सालीचे तुकडे तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद असतील तर खपतात. छिद्रं आणि खाली पडलेला बारीक भुसा दिसला तर शिक्का असूनही माल बाजूला काढला जातो, आणि काढलाच पाहिजे.

कंटेनर सील होण्याआधी पुरवठादाराकडून फोटो मागवा : प्रत्येक पॅलेटचा समोरासमोरच्या दोन बाजूंनी, आणि तळाच्या प्रत्येक फळीचा. खरेदी ऑर्डरमध्येच ही अट घाला. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड नियमाबाहेर आहे, म्हणून हलक्या मालासाठी प्लायवूडचा खोका सरळ पडतो. शिक्का नसलेलं लाकूड इथे धुरीखाली गेलं तर २१ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला घनमीटरमागे ४८ ग्रॅम मिथाइल ब्रोमाइड, २४ तास. त्यासाठी गुंडाळलेलं प्लास्टिक फाडावं लागतं, नाहीतर वायू आत शिरत नाही. उघड्या मशीनवर बंदरातली खारी हवा बसते ती वेगळीच.

बॅगेतून आणलेली काडी

द्राक्षाची नवी जात सगळ्यांआधी लावायची म्हणून कपड्यांच्या घडीत काड्या आणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पानं गुंडाळणारा लीफरोल विषाणू अमेरिकन खुंटांत (ज्यांवर द्राक्षाचं कलम बांधतात) कित्येकदा काहीच लक्षण दाखवत नाही. काडी डोळ्यांना निरोगी दिसते. ती कलम केली की विषाणू वेलीत उतरतो आणि पिठ्या ढेकूण ही कीड तो शेजारच्या बागेत नेते. पिठ्या ढेकूण आपल्या पट्ट्यात आधीच ठाण मांडून बसला आहे. वेलीला औषध नाही, ती उपटावी लागते, आणि नुकसान ज्याने काडी आणली त्याच्यापुरतं राहत नाही.

सरळ रस्ता म्हणजे पोस्ट एन्ट्री क्वारंटाइन : आलेली रोपं ठरावीक मुदतीपर्यंत वेगळ्या जागी नजरेखाली ठेवणं. त्याची जागा आधी तपासून, मान्य करून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र परमिटच्या अर्जासोबत जोडायचं असतं. रोपं आल्यावर जागा शोधणाऱ्यांची रोपं विमानतळावरच सुकतात. मुदत संपेपर्यंत तिथून एक काडीही कुणाला द्यायची नाही, भावालाही नाही.

राहिलेल्या चुका, थोडक्यात

मुळांना माती. कुंडीतली असो, जुन्या ट्रॅक्टरच्या टायरला असो, माती चालत नाही. पीट वापरलं असेल तर कागदावर तसं स्पष्ट हवं.

बियाण्यातलं तण. पुण्यात गाजर गवत १९५१ साली दिसल्याची नोंद आहे, आणि त्याचं खापर आजही पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हावर फुटतं. तो कायदा १९५४ चा, त्यामुळे हिशेब जुळत नाही. पण ते गवत नंतर किती पसरलं हे मुठेच्या काठी फिरणाऱ्या कुणालाही दिसतं. आठव्या शेड्यूलमधल्या तणांची नावं व्यापाऱ्याला आधीच पाठवा आणि स्वच्छ केलेल्या लॉटचाच नमुना अहवाल मागा.

प्रवेशाचं ठिकाण. कंटेनर घराजवळच्या आयसीडीत (बंदरापासून आतल्या कंटेनर डेपोत) उतरवण्याआधी ते ठिकाण तुमच्या मालासाठी अधिसूचित आहे का, ते पाहा.

नाशवंत माल शुक्रवारी संध्याकाळी उतरेल असं बुकिंग करू नका. बियाण्याचा नमुना ब्लॉटर चाचणीला (ओल्या टिपकागदावर बी ठेवून बुरशी पाहण्याला) गेला तर बुरशी वाढायलाच साधारण आठवडा लागतो. तो वेळ पेरणीच्या तारखेतून आधीच वजा करा, आणि माल सोडल्याची रिलीज ऑर्डर येईपर्यंत एकही पोतं फोडू नका.