जुनी जीप बघायला जाताय? बॉनेट शेवटी उघडा

परवा कागलहून भाच्याचा फोन. "मामा, जीप गावली. वर्ल्ड वॉरची आहे, इंजिन एक नंबर!"
मी विचारलं, "मागं उघडणारा फाळका आहे का?"
"आहे की."
"मग वर्ल्ड वॉरची न्हवं ती. आणि इंजिनाचं ऱ्हाऊ दे, खाली झोपून बघितलंस का?"
तिकडं सगळं गप्प.

तीस वर्षं मी उद्यमनगरात लेथ चालवला. म्हणून सांगतो, कोल्हापुरात इंजिनाची धास्ती घेऊ नका. बोअर, लायनर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सगळं दोन गल्ल्यांत होतं. पत्रासुद्धा ठोकून मिळतो. मिळत नाही ती सरळ चासी, तिच्याशी जुळणारे कागद आणि एकमेकांना जुळणारे पुढचे-मागचे अ‍ॅक्सल. विकणारा मात्र तुम्ही जायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवतो आणि पहिलं बॉनेट उघडतो. त्याला सांगा, बंद कर, चहा सांग, आणि तुम्ही गाडीखाली शिरा.

त्याआधी गाडी कुठली ते ओळखा, कारण 'वर्ल्ड वॉरची' म्हटलं की किंमत चढते. १९४१ ते १९४५ या काळात लष्करासाठी विलीज एमबी आणि तिचीच जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू, अशा मिळून सहा लाखांहून जास्त जीप अमेरिकेत बनल्या. पत्र्याच्या जाळीला नऊ फटी, पुढची काच दोन तुकड्यांत, मागं फाळका नाही आणि स्टेपनी पाठीवर. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल पाइपचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी एफ सापडतो. आपल्या भागात दिसतात त्या बहुतेक महिंद्राच्या. ही कंपनी १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावानं सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ ला 'महिंद्रा अँड महिंद्रा' हे नाव आलं. त्यांची सीजे-३बी ओळखायची ती उंच बॉनेटवरून. जुन्या विलीजच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. ३बी च्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. माझ्या मते ३बी ला नाक मुरडायचं काही कारण नाही. वापरायला तीच बरी.

आता गाडीखाली. सोबत टॉर्च, लहान हातोडा, खडू आणि चार लाकडी ठोकळे घ्या. स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट चासीला लागतात तिथं हातोडीनं टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत गंज किंवा लांबी (पुटी) भरलेली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इकडं कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. वरून धुऊन रंगवता येतं, पण चासीच्या बंद भागात गेलेला गाळ तसाच राहतो. भोकात तार घालून फिरवा. पंचगंगेची काळी माती बाहेर आली तर हात जोडा आणि निघा. चासीला आडवा वेल्डिंगचा टाका दिसला तरी निघा, विशेषतः नंबराच्या आसपास.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि मी तो ठेच खाऊन शिकलोय. आपल्याकडं खूप जीप वडापला, म्हणजे सीटवर पैसे घेऊन माणसं वाहायला, लागल्या. वडापवाल्याला पुढच्या चाकांना ताकद लागत नाही, म्हणून पुढचा शाफ्ट काढून विकलेला असायचा, कधी अख्खा अ‍ॅक्सलही. आता फोर बाय फोरला भाव आल्यावर कुठला तरी अ‍ॅक्सल आणून परत बसवतात. माझी पहिली जीप तसलीच. पुढचा आणि मागचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे मारतो तो आकडा, वेगळा होता. गगनबावड्याच्या रस्त्यावर पावसात चारी चाकं जोडून निघालो, आणि तासाभरात ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीचं, कास्टिंग तडकलं. आपल्या गावात कास्टिंगला तोटा नाही, पण एका नगासाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करायचा म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला.

तर रेशो असा मोजा. गाडी सपाट जागी लावा, गिअर न्यूट्रल, फोर बाय फोर काढलेलं. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. या जीपचा हँडब्रेक चाकावर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असतो. मागचं एक चाक हवेत असलं की तो गाडी धरत नाही, आणि चाक फिरवायला तो सोडावाच लागतो. आता शाफ्टवर खडूनं खूण करा. हवेतलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा (जोडीचं चाक जमिनीवर अडलेलं असतं, म्हणून एक नव्हे, दोन), शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजा. ३बी चा रेशो ५.३८, म्हणजे पाच फेरे पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. मग मागचं चाक उतरवून पुढचं एक उचला आणि तसंच मोजा. हबलॉक (पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडायचे-सोडायचे खटके) बसवलेले असतील तर ते आधी लावा. आकडा जुळला नाही तर विकणारा काहीही म्हणू दे, सौदा नाही.

पुढचं चाक हवेत आहेच, तर आता फोर बाय फोरचा दांडा टाका आणि चाक फिरवून बघा. थोडा ढिलेपणा सोडला तर ते अडलं पाहिजे. गरगर फिरलं तर दांडे शोभेचे आहेत. तेच चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. दोन्ही बदलता येतात, पैसे कमी करायला उपयोगी. चाकामागच्या लोखंडी गोळ्याभोवती तेल गळलेलं दिसेल. सील स्वस्त आहे, पण गोळ्यालाच गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सीलही टिकत नाही.

चालवून बघायला डांबरी रस्ता दोन चाकांवर, आणि फोर बाय फोर फक्त नांगरलेल्या रानात. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर तोडतात, डांबरावर ती घसरत नाहीत आणि ताण शाफ्टमध्ये साठतो. दांडा अडकून बसला तर ओढाताण करू नका, चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, सुटतो. लो गिअर गाडी थांबवूनच टाका. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडायची सोय) नाही, तोही थांबूनच. मग वाघबीळच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. गिअर आपोआप निसटला तर गिअरबॉक्स उघडायचा खर्च धरा.

आता उघडा बॉनेट. थंड इंजिन स्वतः चालू करा, तेलाची टोपी काढून धूर बघा. बास.

कागद मात्र चष्मा लावून. चासीवरचा पंच नंबर स्वतः पुसून आरसीशी जुळवा, झेरॉक्सवर भागवू नका. पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर आरसीवर तशी नोंद पाहिजे. नोंदणीची १५ वर्षं संपल्यावर दर ५ वर्षांनी नूतनीकरण झालंय का तेही बघा. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर २०२१ च्या नियमानं 'व्हीए' मालिकेत विंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी, इंजिन मूळचं लागतं, आणि गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच. उसाच्या फडात जीप न्यायची असेल तर त्या भानगडीत पडू नका.

भाचा रविवारी ठोकळे घेऊन परत गेला. मागं पाच आणि थोडे फेरे, पुढं साडेचारसुद्धा नाहीत. विकणारा म्हणाला, "काय फरक पडतोय?" भाच्यानं मला फोन लावून स्पीकरवर ठेवला. पुढं काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.