फाटकाची नोंद करायची, तर आधी निळी पाटी

पहिल्या वर्षी मी अमेरिकेतल्या रेल्वे फाटकांचे तीनेकशे फोटो काढले. त्यातले निम्मे आज बिनकामाचे आहेत. लाल दिवे, पांढरी फुली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा, सगळं झकास आलंय; फाटक कुठलं, एवढंच कळत नाही. इथली फाटकं जुळ्या भावंडांसारखी दिसतात.

म्हणून पोचल्या पोचल्या दिव्यांच्या मोहात पडू नका. खांबावर किंवा जवळपास एक छोटी निळी पाटी असते, पहिला फोटो तिचा. तिच्यावर रेल्वे कंपनीचा आणीबाणीचा फोन नंबर आणि त्या फाटकाचा स्वतःचा क्रमांक असतो : सहा आकडे आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. ते अक्षर आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने ठरतं, त्यामुळे क्रमांक लिहिताना झालेली चूक पकडता येते. फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे अमेरिकेचं रेल्वे-सुरक्षा खातं, त्याच्या सार्वजनिक यादीत हा क्रमांक शोधला की रूळ किती, गाड्या किती, वेग किती, हे मिळतं. यादी आणि डोळे यांचं जुळलं नाही, तर मी डोळ्यांचं लिहिते आणि शेजारी तारीख टाकते.

मग उपकरणं. दिव्याची काच जुन्या खांबांवर साधारण 8 इंचांची, नव्यांवर 12 इंचांची. हात लावून मोजायचं नाही. शेजारच्या दिव्याशी तुलना केली की अंदाज येतो. आत बल्ब आहे की एलईडी, हे व्हिडिओत पाहा : बल्ब हळूच उजळतो, हळूच मावळतो, एलईडी टपकन लागतो, टपकन विझतो. दांड्यावरच्या तीन दिव्यांपैकी टोकाचा सतत जळतो, बाकीचे दोन आळीपाळीने लुकलुकतात. यातला एखादा बंद असेल तर तेही लिहा.

घंटेसाठी मात्र वेळ काढा. जुन्या घंटेत खरोखरचा हातोडा धातूच्या वाटीवर आपटतो आणि प्रत्येक घंटेचा नाद निराळा लागतो; एखादी चिरकी, एखादी देवळातल्यासारखी. नवीत स्पीकरमधून आवाज येतो. तो मला कधीच आवडला नाही, पण नोंद त्याचीही ठेवते. फोन वाऱ्याच्या उलट बाजूला धरा आणि गाडी गेल्यावरही, घंटा थांबेपर्यंत, रेकॉर्डिंग बंद करू नका.

त्याच व्हिडिओवरून वेळा काढता येतात. नियमाप्रमाणे गाडी फाटकात शिरण्याआधी किमान 20 सेकंद इशारा मिळायला हवा. दिवे लागल्यावर निदान 3 सेकंदांनी दांडा हलायला लागतो आणि गाडी येण्याच्या किमान 5 सेकंद आधी तो आडवा झालेला असतो. प्रत्येक दिवा मिनिटाला 35 ते 65 वेळा लुकलुकतो.

हे चालतं कसं? रुळांतून बारीकसा वीजप्रवाह खेळत असतो. गाडीची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह तिथूनच परततो, रिलेपर्यंत, म्हणजे प्रवाहाने धरून ठेवलेल्या चुंबकी खटक्यापर्यंत, पोचत नाही आणि रिले सुटतो. सुटणं म्हणजेच इशारा. त्यामुळे रूळ तुटला किंवा वीज गेली तरी फाटक धोक्याच्या बाजूलाच झुकतं. सतत प्रवाह खेळता ठेवणाऱ्या या सर्किटची कल्पना अमेरिकन संशोधक विल्यम रॉबिन्सनची, पेटंट 1872 चं. हे समजल्यावर रुळांवर तार टाकून दिवे लावून बघायची हुक्की एखाद्याला येते. तो गुन्हा आहे, खोड्यांमध्ये मोडत नाही.

उभं राहायचं ते सार्वजनिक रस्त्यावर किंवा पदपथावर. खडीवर पाय ठेवलात की तुम्ही कंपनीच्या जागेत. डबे रुळांच्या बाहेर दोन्हीकडे तीनेक फूट येतात आणि एक गाडी गेली म्हणजे दुसरी येत नाही असं नाही. यंत्रांच्या चकचकीत पेटीचा फोटो लांबूनच, झूम करून घ्या. त्यावरचं उत्पादकाचं नाव बरेचदा वाचता येतं.

एकदा एका फाटकाचे दांडे खाली आले ते खालीच राहिले. गाडीचा पत्ता नाही, लोक वळसे घालून रूळ ओलांडायला लागले. मी निळ्या पाटीवरचा नंबर लावला, क्रमांक अक्षरासकट वाचून दाखवला. पलीकडच्या बाईंनी जागा विचारलीच नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या आवडत्या फाटकाची हातोड्याची घंटा काढून स्पीकर बसवला. जुन्या घंटेचं 40 सेकंदांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. तिसाव्या सेकंदाला आमच्या मोटारीत बसलेला नवरा विचारतो, “झालं का?”